चांगल्या घराण्यातली गाडी

मुलगी बघायला जावं तसे सगळे गाडी बघायला निघाले, आणि जीप वेशीबाहेर पडायच्या आतच बनुबाईंच्या ध्यानात आलं, की आज गाडी सोडून बाकी सगळं बघितलं जाणार. त्यांचे दीर लालासाहेब फेटा बांधून पुढे बसले होते. धाकटा लेक जयराज मित्राची जीप मागून घेऊन आला होता आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसून ती चालवत होता. थोरली सून संयोगिता मागच्या बाकावर मांडीवर पर्स धरून बसली होती. गाडी तिच्यासाठी घ्यायची होती. ही गोष्ट जीपमध्ये तिच्याशिवाय आणखी कुणाच्या लक्षात असल्यासारखी दिसत नव्हती.

वास्तविक प्रकरण सरळ होतं. संयोगिताला माधवनगरच्या शाळेत पर्यवेक्षिकेची जागा मिळाली होती. शाळा सकाळी सातला भरायची, आणि गावातून निघणारी पहिली एसटी त्या वेळेला जेमतेम इस्लामपूरच्या स्टँडात शिरायची. मागे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं अशीच एक जागा सोडली होती. आता ही सुटली तर या वयात तिसरी येणार नव्हती. रोज जाऊन-येऊन करील, घोटभर पेट्रोल पिईल आणि वाटेत रुसणार नाही अशी एखादी लहानशी जुनी गाडी तिला हवी होती. ड्रायव्हिंग तिनं गेल्या दिवाळीतच शिकून घेतलं होतं. त्यावरून घरात दोन दिवस भांडी जरा जास्तच वाजली होती, आणि ती वाजवणाऱ्यांत बनुबाईही होत्या.

पैसे ऋषिराज पाठवणार होता. बनुबाईंचा हा थोरला लेक फौजेत सुभेदार होता, सध्या अरुणाचलात होता. फोनवर त्यानं बायकोचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "काका म्हणतील तसं करा." सरहद्दीवर छातीला छाती भिडवून उभा राहणारा माणूस चुलत्याचं नाव निघालं की असा खांदे पाडतो, याचं बनुबाईंना हसूही येई आणि चीडही. पैसे एकाचे, गाडी दुसरीची आणि निवड तिसऱ्याची! त्यांच्या सासरी सगळीच कामं अशी होत आली होती.

आणि लालासाहेबांचं मत कुणी बनवलं, तेही त्यांना ठाऊक होतं. जयराजला येत्या पंचायत समितीला उभं राहायचं होतं. तिकीट अजून कुणी देऊ केलं नव्हतं, पण शर्ट शिवून झाले होते. आता गाडी पाहिजे होती. उंच, पांढरी, सात जणांची.

"वैनींना मी सकाळी स्टँडवर सोडत जाईन की," तो परवा आईला म्हणाला होता. "दिवसभर गाडी शाळंच्या दारात उभी करून काय करायचीया? घरचीच गाडी हाय."

बनुबाई तेव्हा गप्प बसल्या होत्या. धाकटा लेक डोळ्यांसमोर असतो, दुखलं खुपलं तर तोच धावतो. शिवाय मोठी गाडी दारात उभी राहिली तर बिघडलं काय, असंही त्यांना वाटलं होतं.

पहिली गाडी माधवनगरलाच बघायची होती. इस्लामपूरच्या शाळेत संयोगिताबरोबर शिकवणारी रुक्सार नवऱ्याची बदली झाली म्हणून साताऱ्याला चालली होती. तिकडे कंपनीची गाडी मिळणार असल्यामुळे स्वतःची विकत होती. पिकल्या जांभळाच्या रंगाची छोटी गाडी गेटच्या आत, शेवग्याच्या सावलीत उभी होती. जयराज खाली उतरला, तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढून दुसरीकडे बघत उभा राहिला.

रुक्सारने पाणी दिलं, चहा टाकला आणि गाडीची किल्ली संयोगिताच्या हातात ठेवली. "मॅडम, आधी चालवून बघा. बाकीचं मग बोलू. आणि दोन गोष्टी आत्ताच सांगते. एसी चढाला जरा कमी मारतो. आणि मागच्या डाव्या दाराची काच रेंगाळत उतरते, हातानं थोडं धरावं लागतं. बाकी मी रोज चालवलीय, कुठं थांबली नाही."

संयोगिता गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बनुबाईंनी लग्नाच्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं. सून खूश झाली की बनुबाईंना उगाच अस्वस्थ व्हायचं. त्यांनी पदर सारखा केला आणि शेवग्याच्या शेंगा मोजल्यासारखं वर बघितलं.

लालासाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चारही टायरना बुटाच्या टोकाने एकेक लाथ मारली. बावीस वर्षं त्यांनी फौजेत काढली होती, त्यातली वीस कोठीत, तांदूळ आणि डाळ मापण्यात. पण गाडीचा विषय निघाला की ते रणगाड्यावरून उतरल्यासारखे बोलत.

"कोण चालवत हुतं?"

"मीच," रुक्सार म्हणाली.

"हं." लालासाहेबांनी जयराजकडे पाहिलं. "बाईमाणसानं चालवल्याली गाडी. क्लच गेला असणार."

"क्लच गेल्या वर्षी तपासून घेतलाय, काका. बिलं दाखवते."

"बिलं काय, कुणीबी करून देतंय."

परत जीपमध्ये बसल्यावर त्यांनी निकाल दिला. "ज्या माणसानं न इचारता दोन खोडी सांगितल्या, त्यानं चार लपावल्या असत्यात. ध्येनात ठेव, जयराज."

"आनि गाडी केवढी, काका? पेरूएवढी. माणूस आत शिरला तर गुडघे कानाला लागत्याल."

"माझे नाही लागले," संयोगिता मागून म्हणाली.

"तुमचं न्हवं वो वैनी, लोकांचं."

कुठल्या लोकांचं ते तिनं विचारलं नाही. बनुबाईंनाही विचारायची गरज नव्हती. सांगलीच्या रस्त्यावर त्या हळूच सुनेला म्हणाल्या, "आता तोंड पाडून बसू नगंस. दुसरी बघायची हाय अजून."

"तोंड पाडलेलं नाही, आत्या. विचार करतेय."

"त्योच वंगाळ."

दुसरी गाडी मळीकरसरकारांची होती. मळीकरांची सरकारकी जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण लालासाहेबांच्या तोंडातून ती जायला तयार नव्हती. वाटेतच त्यांनी त्या घराण्याची वंशावळ सांगून टाकली. कुणाच्या तबेल्यात किती घोडे होते, कुणाच्या लग्नात हत्ती आला होता. गाडीला किती किलोमीटर झालेत, डिझेल किती लागतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बंगला उंचवट्यावर होता. सरकार पायरीपर्यंत आले. गोरे, बारीक, पांढऱ्या लेंग्यातले गृहस्थ, आवाज लोण्यासारखा. सोनेरी कडेच्या कपांतून चहा आला. भिंतीवर एका घोड्याचं चित्र होतं आणि त्याखाली बसलेल्या लालासाहेबांनी फेटा दोनदा सावरला.

"आमच्या घराण्यात गाडी विकायची पद्धत नाही," सरकार म्हणाले. "चांगल्या माणसांत आपण ती देतो."

"आमचं भाग्य," लालासाहेब म्हणाले.

"हिला कधी बाजारू माणसाचा हात लागला नाही. काही म्हणजे काही नाही. दोष म्हणून दाखवायला नाही."

लालासाहेबांनी जयराजकडे असं पाहिलं, की याला म्हणतात खानदान. मघाशी दोन खोडी सांगणारी लबाड ठरली होती आणि एकही न सांगणारा खानदानी. बनुबाईंनी चहाचा घोट घेतला. त्यांना आपलं लग्न आठवलं. त्यांचे वडील असेच एका बैठकीत बसले होते, घराणं ऐकत. जमीन, विहिरी, फौजेतली माणसं. मुलगा काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मुलगा झोपायचा. पुढची चाळीस वर्षं त्यानं तेच केलं आणि बनुबाईंनी त्याच्या वाटणीचं सगळं केलं.

गाडी मागच्या अंगणात होती. पांढरी, उंच, घासून पुसून झगमगीत. जयराजनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याची चालच बदलली. चार पावलं तो आत्ताच सभापती झाल्यासारखा चालत गेला. दार उघडून बसला, काच खाली केली, कोपर बाहेर काढून अदृश्य लोकांना नमस्कार केला.

"काका, बसा की."

लालासाहेब बसले. या गाडीच्या टायरला त्यांनी लाथ मारली नाही.

संयोगिता मागच्या दाराने आत शिरली. "आत्या, या ना," तिनं हात दिला. बनुबाई चढल्या. जयराजनं दारं लावली, एसी सुरू केला. आधी अत्तराचा वास आला, गोड, डोकं धरणारा. आणि मग त्याच्या खालून दुसरा आला.

बनुबाई ओळखून होत्या तो वास. महापुरानंतर त्या संयोगिताच्या माहेरी, सांगलीवाडीला आठवडाभर राहिल्या होत्या. व्याह्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर फरशीवर, भांड्यांत, देवळीत, गादीच्या कापसात एकच गाळ भरलेला. दोघी व्याहिणी खुरप्यानं तो खरवडत होत्या. साबण झाला, डेटॉल झालं, उदबत्त्या झाल्या, तरी तो वास उरला. कुजल्या उसाचा, मेल्या जनावराचा आणि नदीचा. जयराजही तेव्हा एक दिवस आला होता. खिचडीच्या पातेल्याशेजारी फोटो काढून संध्याकाळी परत गेला होता.

संयोगितानं सीटचा पट्टा धरला आणि हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. एरवी कुणी ओढत नाही इतका, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक तपकिरी रेघ होती. त्या रेघेच्या अलीकडे पट्टा काळा होता, पलीकडे मातकट.

"भावजी, जरा एसी बंद करा. काका, हे बघा."

"काय हाय?"

"ही गाडी पुरात बुडलेली आहे. पाणी सीटच्या वर आलं होतं. ही त्याची खूण."

सरकार बाजूलाच उभे होते. ते हसले. "शेतावर जायची गाडी. चिखल लागायचाच."

"पट्टा गुंडाळून आत असतो. तिथं शेतातला चिखल कसा जाईल?"

"वैनी," जयराज दबक्या आवाजात म्हणाला, "कुणाच्या दारात काय बोलावं, याला काय असतंय का न्हाई?"

लालासाहेब खाली उतरले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अगं पोरी, हा बंगला बघ कुठं हाय. महापुरात हितल्या पायरीला पाणी लागलं न्हाई. आक्ख्या सांगलीला ठावं हाय."

"बंगल्याला नसेल लागलं, काका. गाडी तेव्हा बंगल्यात होती का?"

उत्तर सरकारांनी द्यायला हवं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून बॉनेटवरचा न दिसणारा डाग पुसला. "शंका असेल तर राहू द्या. आमची जबरदस्ती नाही. फक्त एवढंच, की लालासाहेब, आपण फोनवर शब्द दिला म्हणून मी दुसऱ्या दोघांना नाही म्हटलं."

त्या एका वाक्यानं लालासाहेब गारद झाले. शब्द! तो परत घ्यायची पद्धत घराण्यात नव्हती. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिला न विचारता शब्द द्यायची पद्धत मात्र होती.

"पोरीचं मनावर घिऊ नका, सरकार. मास्तरीण हाय, चुका काढायची सवय लागलीया." मग ते जीपकडे गेले आणि पिशवीतला नारळ घेऊन आले. "वैनी, घरात तुमी थोरल्या. तुमच्या हातानं सरकारांना नारळ द्या, म्हंजे झालं. ऋषिराजला मी सांगतो."

नारळ बनुबाईंच्या हातात आला. जयराज त्यांच्याकडे बघत होता, लहानपणी जत्रेत बघायचा तसा. संयोगिता बघत नव्हती. ती अजून पट्टा धरून सीटवर बसली होती, आणि मग तिनं तो सोडला. पट्टा सरसरत आत गेला. रेघ दिसेनाशी झाली.

"आई," जयराज म्हणाला, "तूच सांग. गाडी कशी वाटली?"

खरं सांगावं तर लेकाचं आणि दिराचं परक्याच्या अंगणात हसं होणार. आणि नारळ द्यावा तर पंधरा जूनला शाळा उघडली की सून स्टँडवर उभी राहणार, आधी आठवडाभर, मग महिनाभर, मग कायमची घरात. मागची जागा तिनं सोडली तेव्हा बनुबाई म्हणाल्या होत्या, 'मिळंल की दुसरी.' त्या वेळी असं म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"चांगली हाय," बनुबाई म्हणाल्या.

संयोगितानं मान वर केली.

"लय चांगली हाय. घराणं बी चांगलं. अशी गाडी सोडू ने. जयराज, तू घी ही."

"व्हय, घ्यायचीच हाय की."

"तू घी म्हंती मी. तुज्या नावावर, तुज्या पैशानं. तुला इलेक्शनला पायजेच हाय. फिरव, दुरुस्त कर, तुजं तू बघ. ऋषिराजच्या पैशात हिला ती जांभळी घिऊन दिऊ. शब्दाचा शब्द ऱ्हाईल, आनि गाडी बी घरातच ऱ्हाईल. काय वो लालाभावजी?"

लालासाहेबांना ते एकदम पटलं. "वैनी, हे मातूर बेस बोलला."

जयराजला ते तितकं बेस वाटलेलं दिसलं नाही. तो हसला, मग हसू तसंच ठेवून गाडीकडे वळला. मघाशी बसला तेव्हा तो आरशात बघत होता. आता त्यानं पायाखालची चटई उचलली. बोटानं खालचा पत्रा खरवडला, बोट नाकाशी नेलं. सीटच्या खाली वाकून लोखंडी पट्ट्या बघितल्या. मागचं दार उघडलं, जादा चाक उचकटून त्याच्या खळग्यात हात घातला. मूठभर वाळलेला, करडा गाळ घेऊन तो बाहेर आला. कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला कोपरापर्यंत मातीची पट्टी ओढली गेली होती. मग त्यानं बसून पट्टा ओढला. शेवटपर्यंत.

"काका," तो म्हणाला, "जरा हिकडं या. ही पुराची घाण वाटतीया."

"मघाशी शेतातली हुती," बनुबाई म्हणाल्या.

"न्हाई आई, मघाशी नीट बघितलं न्हवतं. इंजनात पाणी गेलं असंल तर लय खर्च हाय. दर म्हैन्याला उभी ऱ्हाईल. वायरिंग सगळं सडल्यालं असणार."

"पर शब्द?" लालासाहेब कासावीस झाले. "आरं, शब्द दिलाय मी."

"मग तुमी घ्या," बनुबाई म्हणाल्या. "मिलिटरीतलं माणूस. तुमाला कसलीबी गाडी चालती."

लालासाहेबांनी गाडीकडे पाहिलं, सरकारांकडे पाहिलं. मग त्यांच्या गुडघ्यात कळ आली. ती बरेच दिवस येत होती, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं होतं, असं त्यांनी सरकारांना सविस्तर सांगितलं. सरकार ऐकून न घेताच आत निघून गेले. चहाचे कप नेणारी बाई सोडली तर निरोप द्यायला कुणी आलं नाही. मळीकरांच्या तीन पिढ्यांचा इतिहास बंगल्याच्या फाटकाशी संपला.

परतीच्या वाटेवर रुक्सारच्या दारात जीप थांबली तेव्हा लालासाहेब उतरले नाहीत. जयराज उतरला, जांभळ्या गाडीचा पट्टा ओढून बघितला, चाकाचा खळगा बघितला. "ही सुकी हाय," म्हणाला, आणि हा शोध आपणच लावल्यासारखा आत जाऊन चहा प्याला.

रुक्सारच्या नवऱ्यानं फोनवरून ऋषिराजशी बोलणं केलं. कागद पुढच्या आठवड्यात व्हायचे ठरले, आणि रुक्सारनं किल्ली मात्र आजच दिली. "पैसे काय, येतील. मॅडमच्या हातातली गाडी म्हणजे माझ्याच घरात आहे."

"वैनी, गाडी मी घिऊन येतो," जयराजनं हात पुढं केला. "तुमी जीपमधनं काकांच्या बरुबर या. हायवेला तुमाला..."

संयोगितानं किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. "काकांचा गुडघा दुखतोय, भावजी. त्यांना जपून न्या."

बनुबाई जीपकडे निघाल्या होत्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि वळून जांभळ्या गाडीच्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. दार लावायला त्यांना दोनदा ओढावं लागलं. जयराज पाहत राहिला. रात्री याचा राग निघेल, भाकरी ताटात ढकलली जाईल, हे त्यांना माहीत होतं. निघू दे.

आष्ट्यापर्यंत संयोगिता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, नाक काचेजवळ नेऊन चालवत होती. उसाचा एक ट्रॅक्टर पुढं होता, त्याच्या मागे ती बैलगाडीसारखी रांगत होती.

"आत्या, तुम्हाला वास आला होता ना?"

"आल्ता."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"तू सांगितलंस की सरळ. काय झालं?"

संयोगिता हसली नाही. म्हणाली, "आणि भावजींनी हो म्हटलं असतं तर? स्वतःच्या पैशानं घेतली असती तर?"

बनुबाईंनी बाहेर बघितलं. हा प्रश्न त्यांच्याही मनात अंगणापासून आला होता आणि त्यांनी तो तिथंच टाकून यायचा प्रयत्न केला होता. पोटच्या पोराच्या गळ्यात त्यांनी बुडालेली गाडी बांधली असती का? नारळ तर त्यांच्याच हातात होता.

"माजं पोरगं मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पैशानं त्यो आंधळा असतोय. सोताच्या पैशानं न्हाई. बापाच्या पुढचं हाय. बाप दोन्हीकडनं आंधळा हुता."

मागून जीपचा हॉर्न वाजला. जयराजनं त्यांना मागं टाकलं, ट्रॅक्टरलाही टाकलं आणि धुरळा उडवत पुढं निघून गेला. लालासाहेबांचा फेटा क्षणभर खिडकीत दिसला आणि नाहीसा झाला. संयोगिता ट्रॅक्टरच्या मागेच राहिली.

"सातला शाळा भरती म्हंतीस," बनुबाई म्हणाल्या.

"हो."

"अशी वरातीसारखी चालवलीस तर सुटायच्या टायमाला पोचशील. बघ, पुढं रस्ता मोकळा हाय. काढ."

संयोगितानं आरशात बघितलं, हॉर्न दिला आणि गाडी बाहेर काढली.